जुनी मोटार, खारी हवा आणि इंजिनाखालचे रबर

मोटारीचे इंजिन गाडीच्या सांगाड्यावर थेट बसत नाही. रबर आणि लोखंड यांच्या ज्या जोडआधारांवर ते बसते त्यांना कारागिरांच्या बोलीत ‘माउंटिंग’ किंवा ‘फाउंडेशन’ म्हणतात. लोखंडाच्या दोन पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये उष्णता व दाब देऊन चिकटवलेला रबराचा ठोकळा, एवढीच त्याची रचना असते. परंतु इंजिनाचे वजन पेलणे, त्याच्या फिरण्यातून येणारा उलटा पीळ अडवणे आणि त्याची थरथर आत बसलेल्या माणसांपर्यंत पोहोचू न देणे अशी तीन कामे हा भाग एकाच वेळी करतो. म्हणूनच जुनी मोटार जपण्याच्या विषयात त्याला मोठे स्थान आहे, आणि मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंत पसरलेल्या रायगडच्या किनारपट्टीवर ते अधिकच मोठे ठरते.

या कामामागील तत्त्व समजण्याजोगे आहे. चार सिलिंडरांच्या नेहमीच्या पेट्रोल इंजिनात क्रँकशाफ्टच्या, म्हणजे फिरत्या मुख्य दांड्याच्या, प्रत्येक फेऱ्यात इंधनाचे दोन स्फोट होतात. त्यामुळे इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांनी संथ चालत असतानाही सेकंदाला सुमारे २७ धक्के बसतात. आधारावर ठेवलेली वस्तू एकदा हलवून सोडली असता ती सेकंदाला जितके हेलकावे घेते त्या संख्येला नैसर्गिक वारंवारिता म्हणतात, आणि धक्क्यांची वारंवारिता तिच्या सुमारे १.४ पटीहून अधिक असेल तरच थरथर घटून पुढे जाते. याचा अर्थ असा की, वरील इंजिनासाठी माउंटिंगची नैसर्गिक वारंवारिता सेकंदाला १९ हेलकाव्यांच्या खाली राहिली पाहिजे. रबर म्हातारे होऊन कडक झाले की ती वर चढते आणि जी थरथर अडवायची तीच गाडीत शिरते.

प्रारंभीच्या अनेक मोटारींत इंजिन सांगाड्याला घट्ट आवळलेले असे. १९३१ साली अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने प्लिमथ मोटारीत रबरावर तरंगते इंजिन बसवून त्याचा गाजावाजा केला, पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या सित्रोएनने ते तंत्र उचलले आणि नंतर ते सर्वत्र रूढ झाले. महाराष्ट्रात या तंत्राची सर्वांत परिचित वाहक म्हणजे फियाट ११००. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई, १९७० च्या दशकात तिला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली. १९५३ साली इटलीत आलेल्या या पिढीला स्वतंत्र चासी नव्हती. पत्र्याची बांधणीच सांगाड्याचे काम करीत असल्यामुळे माउंटिंग निकामी झाले की धक्के सरळ त्या पत्र्याला बसतात.

किनाऱ्यावर या भागाची झीज दोन बाजूंनी होते. हवेतील प्राणवायू व ओझोन, इंजिनाची उष्णता आणि गळणारे तेल यांनी नैसर्गिक रबराला भेगा पडतात किंवा ते फुगून मऊ होते; तर खाऱ्या दमट हवेने लोखंडी पट्टी गंजते आणि तो गंज चिकटलेल्या रबराच्या कडेखाली सरकत जाऊन जोड सोडवतो. गाडी चार महिने पावसाळा पाहून उभी राहिली तरी झीज थांबत नाही, कारण सततच्या भाराखाली दबलेले रबर पूर्ववत फुगत नाही. गोव्यात बांधलेल्या ‘सॅन स्टॉर्म’ या दोन आसनी स्पोर्ट्स मोटारीचे अंग फायबरग्लासचे, म्हणून ते गंजत नाही. पण तिच्या इंजिनाखालच्या रबरालाही म्हातारपण चुकलेले नाही.

दुखणे ओळखण्याची लक्षणे ठरलेली आहेत: इंजिन संथ चालताना स्टिअरिंग थरथरणे, क्लच सोडताना ‘धड्’ असा आवाज होणे, पंख्याचे पाते रेडिएटरजवळ सरकणे. घरी दुरुस्ती करायची तर जमीन सपाट व टणक हवी. पावसाने भिजलेल्या अंगणात जॅक रुततो. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल सोडावे. इंजिन थंड असताना बॅटरीची वायर काढावी, हँडब्रेक ओढावा आणि चाकांना अटकण लावावी. मग तेलाच्या चेंबरखाली जाड लाकडी फळी ठेवून तिच्यावर जॅक टेकवावा, म्हणजे चेंबरचा पत्रा चेपत नाही. आणि माउंटिंगवरचा भार सुटेल एवढेच इंजिन उचलावे, उचलताना पंखा, रेडिएटरचे होज, सायलेन्सरचा पाइप व ॲक्सिलरेटरचा दांडा ताणला जात नाही हे पाहत राहावे. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली शिरू नये; त्यासाठी पक्क्या घोड्या लावाव्यात. एका वेळी एकच बाजू सोडवावी, नवे बोल्ट प्रथम हाताने सैल लावावेत, आणि इंजिन खाली येऊन आपल्या जागी बसल्यावरच ते पुस्तिकेतील मापाने आवळावेत. अन्यथा नवे रबर पिळलेल्या अवस्थेतच जखडले जाते.

किनाऱ्यावर या कामात आणखी एक पायरी अनिवार्य आहे. जुने माउंटिंग निघाल्यावर उघडी पडलेली सांगाड्याची जागा खरवडून, धातू शाबूत असल्याची खात्री करून तिला जस्तयुक्त रंग द्यावा. पत्रा कुजला असेल तर वेल्डिंगच्या जाणत्या कारागिराकडेच जावे, कारण कुजक्या पत्र्यावर बसवलेले नवे रबर व्यर्थ आहे. वर्षानुवर्षे फळीवर पडून राहिलेला ‘नवा’ भागही आतून म्हातारा असू शकतो, म्हणून तो वाकवून भेगा पाहाव्यात. आणि टिकाऊपणाच्या मोहाने अतिकडक पर्याय बसवू नये, कारण तो टिकला तरी थरथर अडवत नाही.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार प्रथम नोंदणीला ५० वर्षे होऊन गेलेली आणि मूळ स्वरूपात राखलेली मोटार ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. पद्मिनी नावाच्या पहिल्या गाड्या आता त्या वयात आल्या आहेत, आणि मूळ इंजिन मूळ जागी टिकवण्याचा मार्ग अशा लहान भागांच्या वेळेवरच्या बदलातूनच जातो.

ही वेळ साधण्याची शिस्त रायगडला नवी नाही. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात किनाऱ्यावर ओढलेल्या होड्यांची इंजिने उघडून तपासली जातात, कारण भर समुद्रात इंजिन हलले तर जवळ मिस्त्री नसतो, हे कोळी बांधवांना ठाऊक असते. जुनी मोटार बाळगणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने तोच नेम स्वीकारावा: पावसाळा सरला की दिवाळीपूर्वी बॉनेट उघडावे, बॅटरीचा उजेड इंजिनाखाली टाकावा आणि त्या रबराकडे एकदा नीट पाहावे.