शेवटचा रकाना



मुळशी तालुक्यातल्या शाळांवरच्या या परिषदेत, पौडमध्ये आपलं मनापासून स्वागत करतो. स्वागताध्यक्षाने चार शब्द बोलावेत आणि मग मांडवाकडे, चहापाण्याकडे बघावं अशी रीत आहे. चहाचं बघायला आमची तरुण मंडळी आहेत, तेव्हा चाराचे चारशे झाले तर सांभाळून घ्या.

मुळशी म्हटलं की बाहेरच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात, धरण आणि 'मुळशी पॅटर्न' हा चित्रपट. एकात जमीन पाण्याखाली गेली, दुसऱ्यात ती विकली गेली. या जमिनीच्या साऱ्यातून आमच्या शाळा उभ्या राहिल्या, हे मात्र आम्हीही विसरलो होतो. इंग्रजांच्या काळात मुळशी हा हवेली तालुक्याचा एक पेटा. १८६० नंतरच्या काही वर्षांत सरकारने साऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड बसवला आणि त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणासाठी ठेवला. म्हणजे नाचणी-वरईवर जगणारा मावळातला कुणबी आपल्या पोराच्या शाळेचे पैसे आगाऊ भरत होता. शाळा मिळाली की नाही, हा पुढचा प्रश्न. तो प्रश्न विचारला जोतीराव फुल्यांनी. १८८२ साली हंटर आयोगापुढच्या निवेदनात त्यांनी बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची बाजू मांडली, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना ते सक्तीचं करा म्हटलं, आणि शिक्षक शेतकऱ्यांतूनच घडवा, असंही सुचवलं. आमच्या खोऱ्यांत नेमणूक झालेला मास्तर पहिल्या पावसाळ्यातच बदलीचा अर्ज का लिहितो, याचं उत्तर त्या सूचनेत आहे, असं मला वाटतं. समोरच्या काही गुरुजींना हे आवडणार नाही. असो.

१९२३ साली मुंबई इलाख्यात प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि सरकारी शाळा लोकल बोर्डांच्या ताब्यात जायची वाट खुली झाली. आता ते साल मुळशीच्या बाजूने बघा. १९२१ च्या रामनवमीला इथे धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला होता. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्यामागे मुळा खोऱ्यातले शेतकरी उभे होते, आणि पन्नासच्या आसपास गावांवर पाणी चढणार हे ठरून गेलं होतं. मुंबईत शाळा लोकांच्या हाती सोपवायचा कायदा होत होता, त्याच वेळी इथल्या लोकांच्या हातून गाव सुटत होतं. धरण झालं, पाणी पश्चिमेला भिऱ्याच्या वीजघराकडे गेलं, आणि माणसं वर, डोंगराच्या उतारावर सरकली. एका गावाच्या तीन वाड्या झाल्या. समोरची वाडी डोळ्यांना दिसते, पण गाठायची तर जलाशयाला वळसा. शाळा कोणत्या वाडीत भरवायची, हा वाद तिथून सुरू झाला आणि तो अजून मिटलेला नाही. पुढे मुठेवर टेमघर, मोशीवर वरसगाव झालं, तिथेही हीच गत.

नंतरचा इतिहास कागदावर सरळ आहे. १९४७ चा कायदा, जिल्हा स्कूल बोर्ड, १ मे १९६२ ला जिल्हा परिषद, १९८७ ची खडू-फळा मोहीम, २००० च्या सुमारास वस्तीशाळा, २०१० पासून शिक्षणहक्क कायदा. यातल्या वस्तीशाळेपाशी मात्र थांबायला हवं. कातकरी वस्ती, धनगरवाडा, ठाकरवाडी इथे शाळा प्रथम पोचली ती तिच्या रूपाने. तुटपुंज्या मानधनावर गावातल्याच बारावी झालेल्या मुलामुलींनी ती चालवली. कधी देवळाच्या ओसरीत, कधी कुणाच्या पडवीत. सेवेत कायम व्हायला त्यांना २०१४ साल उजाडलं. शिक्षक शेतकऱ्यांतूनच घडवा, ही फुल्यांची सूचना आमच्याकडे इतक्या उशिरा आणि इतक्या स्वस्तात अमलात आली.

आता या परिषदेच्या मुख्य विषयाकडे येतो. शेजारच्या खोलीत टेबलांवर शाळांची जुनी जनरल रजिस्टरं मांडली आहेत. २०२३ पासून या रजिस्टरांना अचानक भाव आला. कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्यभर शाळांची कपाटं उघडली, मोडी वाचणारे शोधून आणले गेले, १९६७ पूर्वीचं पान न् पान तपासलं गेलं. वाळवी लागायला सोडलेलं दप्तर त्यामुळे वाचलं, हे उपकारच म्हणायचे. पण सगळ्यांनी वाचला तो जातीचा रकाना. त्याच ओळीत उजवीकडे, पानाच्या कडेला आणखी एक रकाना असतो, शाळा सोडल्याचं कारण. तो वाचायला कोणीही आलं नाही.

मी काही अभ्यासक नाही. पण दप्तर हाताळलेल्या कुणालाही माहीत आहे की या रकान्यात ठराविकच शब्द पडतात. चौथी पास. परगावी गेला. सतत गैरहजर. पालकांच्या इच्छेवरून. गुरुजींचं अक्षर सुंदर असतं आणि कारण कोरडं असतं. सतत गैरहजर म्हणजे गुरांमागे, की वीटभट्टीवर, की धाकट्या भावंडाला सांभाळायला? पालकांची इच्छा मुलीच्या ओळीपुढेच जास्त वेळा का येते? परगाव म्हणजे मुंबई, की पाण्यामुळे हललेलं आपलंच गाव? वर्षावर्षाने, खोऱ्याखोऱ्याने हा रकाना उतरवून काढला, तर मुळशीचा जो इतिहास हाती लागेल तो कुठल्याही गॅझेटिअरमध्ये नाही. या दोन दिवसांत निदान त्याची सुरुवात व्हावी, एवढी आमच्या समितीची इच्छा आहे.

ही हौस म्हणून सांगत नाही. आज तालुक्याची दोन टोकं बघा. पूर्वेला हिंजवडी, माण, मारुंजीकडे आयटी पार्क आणि बांधकामं. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत परप्रांतातून आलेल्या मजुरांची मुलं आहेत, आणि ती मराठीत पाढे म्हणतात. बावधन, सूस, म्हाळुंगे तर २०२१ साली पुणे महापालिकेतच गेली. पश्चिमेला ताम्हिणीच्या बाजूला शाळा आहे, पण पटावर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मुलं. २०२३ मध्ये वीसच्या आतल्या पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा विचार सरकारने मांडला. शेजारी पानशेतला तिचा नमुना उभा आहे. माझं मत विचाराल तर मी सरसकट विरोधातला नाही. चार पोरांच्या वर्गात लंगडी खेळायलाही गडी पुरत नाहीत, भांडायला नाहीत, बरोबरीने शिकायला नाहीत. पण शिक्षणहक्काच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत सांगितली आहे, आणि आषाढातलं आमच्याकडचं एक किलोमीटर काय असतं, ते नियम लिहिणाऱ्याने पाहिलेलं नाही. दरड आली, समूहशाळेची गाडी आली नाही, की मूल घरी. असं आठवडाभर चाललं की त्याच्या नावापुढे गैरहजेरी लागते. शेवटच्या रकान्यात त्याचं कारण मात्र शाळा लांब गेली असं कोणी लिहिणार नाही. ते पालकांच्या इच्छेवरच जाईल. म्हणून ज्या शाळेबद्दल निर्णय घ्यायचा, तिचं रजिस्टर आधी वाचा, अशी मागणी या परिषदेने ठरावात घालावी, असं मी सुचवतो. ठरावाचा मसुदा दुपारच्या सत्रात येईल, तिथे त्याची चिरफाड करायला सगळे मोकळे आहेत.

व्यवस्थेबद्दल दोन शब्द. रजिस्टरांची पानं थुंकी लावून उलटू नका, शेजारी ओला स्पंज ठेवलाय, त्यावर बोट टेका. मोडी वाचणारे दोघे दिवसभर तिथेच बसतील. आपल्या शाळेचं दप्तर कोणी सोबत आणलं असेल तर दाराशी नोंद करून पावती घ्या, कारण हा सरकारी कागद आहे आणि हरवला तर मुख्याध्यापकाच्या गळ्याशी येतं. जेवण एक वाजता, इंद्रायणीचा भात आणि पिठलं. मुक्कामाच्या पाहुण्यांची सोय गावात घरोघरी केली आहे, घोंगड्या भरपूर आहेत.

परिषदेच्या अध्यक्षांनी आता सूत्रं हाती घ्यावीत, अशी त्यांना विनंती करतो.