पिसे झडणाऱ्या कोंबडीची निगा
(यवतमाळ जिल्ह्यातील कोंबडीपालक स्त्री-पुरुषांसाठी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दसरा-दिवाळीच्या सुमारास केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी या भागांतील आठवडी बाजारांत मान उघडी पडलेल्या, शेपूट झडलेल्या कोंबड्या विक्रीस आलेल्या दिसतात. कोंबडी अंडे देईना, अंगावर पिसे राहिली नाहीत, ती आता वाचत नाही, असा समज करून घेऊन घरधनीण ती मिळेल त्या किमतीस देऊन टाकते. पुष्कळदा हा व्यवहार नुकसानीचा ठरतो. कारण त्या कोंबडीला रोग झालेला नसून ती केवळ जुनी पिसे टाकून नवी धारण करीत असते.

पावसाळा संपता संपता दिवस लहान होऊ लागतो. यवतमाळच्या अक्षांशावर जूनमध्ये १३ तासांहून मोठा असलेला दिवस डिसेंबरात सुमारे ११ तासांवर येतो. प्रकाश कमी झाल्याची ही खूण कोंबडीच्या शरीरास मिळते, अंडी बंद होतात आणि पिसे झडू लागतात. ही झड प्रथम डोके व मान, नंतर छाती व पाठ आणि शेवटी पंख व शेपूट अशा क्रमाने होते. संपूर्ण क्रियेस साधारणतः दोन ते तीन महिने लागतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. जी कोंबडी लवकर पिसे टाकू लागते आणि सावकाश भरून येते, ती बहुधा कमी अंडी देणारी असते. उलट, जी उशिरापर्यंत अंडी देते आणि मग एकदम पिसे टाकून अगदीच केविलवाणी दिसू लागते, ती बहुधा चांगली अंडी देणारी असते. म्हणजे बाजारात सर्वांत स्वस्त जाणारी कोंबडी ही कित्येकदा खुराड्यातील सर्वोत्तम कोंबडी असते.

पिसांचा बहुतांश भाग प्रथिनांचा असतो. तेव्हा केवळ ज्वारी, तांदळाची कणी व उष्टेखरकटे यांवर जगणारी कोंबडी या काळात खंगते. तिची छाती चाचपून पाहावी. मधले हाड धारदार लागले, तर तिला जादा आहाराची गरज आहे असे समजावे. वाळवी, किडे, सुकट, उकडून कुस्करलेले अंडे, शेवग्याचा पाला हे पदार्थ उपयुक्त ठरतात. सोयाबीन घरचेच असते. परंतु ते कच्चे देऊ नये. कच्च्या सोयाबीनमुळे प्रथिनांचे पचन अडते, म्हणून ते नीट भाजून, भरडून द्यावे. कापसाच्या या जिल्ह्यात सरकीची ढेप घरोघरी असते. ती गाईम्हशींचे खाद्य होय. तिच्यातील गॉसिपॉल हे द्रव्य कोंबडीस अपायकारक असल्याने ती कोंबड्यांना घालू नये.

अशक्त कोंबडीस इतर कोंबड्या टोचून खाण्यापासून हुसकतात. तिला काही दिवस निराळ्या डालग्याखाली, कोरड्या व वाऱ्यापासून आडोशाच्या जागी ठेवावे. स्वच्छ पाणी सदैव जवळ असावे. नव्या कोवळ्या पिसांत रक्त असते, ती दुखावतात. म्हणून तिला वारंवार हाताळू नये.

पिसांच्या मुळाशी उवा व पिसवा आहेत का, हे अवश्य पाहावे. कोरडी माती व चाळलेली राख यांत कोंबडीस लोळू द्यावे आणि खुराडे झाडून उन्हात तापवावे. मात्र कपाशीवर फवारण्याचे औषध कोंबडीच्या अंगास कदापि चोळू नये. २०१७ साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकऱ्यांचे व शेतमजुरांचे प्राण गेले. जे माणसास मारते ते कोंबडीस कसे तारील? उवांचे व जंताचे औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच वापरावे. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लस निरोगी पक्ष्यांसाठी असते. ती पिसे झडण्याच्या हंगामापूर्वीच टोचून घेणे हितावह होय.

झड आणि रोग यांतील भेद ओळखता आला पाहिजे. झडीतील कोंबडी मलूल दिसली, तरी दाणा टिपते व हिंडते. खाणे सुटले, हिरवट हगवण लागली, मान वाकडी झाली किंवा श्वास घेताना घरघर लागली, तर तो रोग समजावा आणि त्वरित पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. अनेक पक्षी एकाएकी मरू लागल्यास ते विकू अथवा खाऊ नयेत. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूमुळे ओढवलेला प्रसंग विसरता येण्याजोगा नाही.

नवी पिसे आल्यावर कोंबडी पुन्हा अंड्यावर येते आणि ही अंडी बहुधा आकाराने मोठी व टणक कवचाची असतात. मीठ-मिरची, वही-पेन्सिल यांचा खर्च अंड्यांवर भागविणाऱ्या भगिनींनी एवढे दोन-तीन महिने धीर धरावा. उघड्या मानेची कोंबडी बाजारात नेण्यापूर्वी एकदा तिची छाती चाचपावी आणि मूठभर भाजलेले सोयाबीन भरडून तिच्यापुढे टाकावे.