ते पत्र कोणी आणले?

संमेलनाच्या स्वागताध्यक्षाने आपल्या गावची थोरवी सांगावी असा रिवाज आहे. बिदरकडे थोरवी कमी नाही. पण इथल्या राज्यकर्त्याच्या हातून घडलेली एक चूक मला आज अधिक मोलाची वाटते.

जुन्या शहरात महमूद गावानचा मदरसा आहे, १४७२ साली बांधलेला. बहमनी राज्याच्या या वजिराने जमिनीची मोजणी करवली, चार तरफांच्या, म्हणजे प्रांतांच्या, आठ तरफा केल्या आणि प्रत्येक तरफदाराच्या हाती एकच किल्ला ठेवला. साहजिकच ज्यांचे अधिकार छाटले गेले ते सरदार दुखावले. इतिहासकार फरिश्त्याने सुमारे सव्वाशे वर्षांनी लिहिलेल्या इतिहासानुसार, त्यांनी गावानच्या शिक्का सांभाळणाऱ्याला वश करून कोऱ्या कागदावर मोहोर उठवून घेतली आणि त्यावर ओरिसाच्या राजाला स्वारीचे आमंत्रण देणारा मजकूर लिहिला. एप्रिल १४८१ मध्ये कोंडापल्लीच्या छावणीत सुलतान तिसऱ्या मुहम्मदशहाने ते पत्र वजिरापुढे धरले. मोहोर माझी, मजकूर माझा नाही, असे गावान म्हणाला. चौकशी न होताच त्याचा शिरच्छेद झाला. खरे काय ते सुलतानाला मागाहून कळले. वर्षभरात तोही वारला आणि पुढच्या काही दशकांत राज्याची पाच शकले झाली. त्या फुटीला दक्षिणी आणि परदेशी सरदारांची जुनी चुरसही कारण होती, हे मान्यच आहे. पण हे पत्र कोणी आणले, कोणाजवळ सापडले, अक्षर कोणाचे, एवढे तीन प्रश्न त्या तंबूत विचारले गेले असते तर कट तिथेच उघडा पडला असता. सुलतानाला अडवून ‘जरा थांबा’ म्हणण्याची सोय त्या राज्यव्यवस्थेत नव्हती. म्हणून सर्वांत सामर्थ्यवान माणूस सर्वांत सहज फसवला गेला. प्रश्न विचारणारा सत्तेचे पाय ओढतो, असे मानणाऱ्यांनी या प्रसंगाचा विचार करावा.

याच्या तीनशे वर्षे आधी, याच जिल्ह्यातल्या कल्याणात, उलट घडल्याचे परंपरा सांगते. बसवेश्वर बिज्जळ राजाचे खजिनदार होते. ते सरकारी धन जंगमांवर उधळतात अशी तक्रार झाली. राजाने हिशोब मागितला, बसवण्णांनी तो दिला आणि खजिना पुरता भरला. बसवण्णांचे अनुयायी, म्हणजे शरण, जिथे चर्चा करीत त्या अनुभवमंटपाचे नेमके स्वरूप काय होते याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत; मी त्या वादात शिरत नाही. शरणांची वचने मात्र आपल्या हातात आहेत आणि ती लिहिणाऱ्यांत अंबिगर चौडय्या नावाडी आहे, मडिवाळ माचय्या परीट आहे. आयदक्की लक्कम्मा तर सांडलेले तांदूळ वेचून आणणाऱ्या नवऱ्यालाच विचारते, की आज रोजच्यापेक्षा जास्त का आणलेत, आणि जादा तांदूळ परत टाकून यायला लावते. अधिकाराला प्रश्न विचारायला पदवी लागते, हा समज या एका बाईने आठशे वर्षांपूर्वी खोडून काढला. पण हिशोब मागणाऱ्या त्याच बिज्जळाला चर्मकार हरळय्याच्या मुलाचे ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीशी झालेले लग्न, म्हणजे जातीलाच विचारलेला प्रश्न, सोसला नाही. दोन्ही व्याह्यांना त्याने देहान्त दिला आणि शरणांना कल्याण सोडावे लागले. दुसऱ्याला प्रश्न विचारणे सोपे असते; आपल्या आसनाला विचारलेला ऐकून घेणे कठीण.

प्रश्न विचारण्यावर आक्षेप येतात, त्यातले दोन गंभीर आहेत. पहिला असा, की प्रश्नाच्या नावाखाली बदनामी चालते. खरे आहे, ते खोटे पत्रही अखेर एका अधिकाऱ्यावरचा आरोपच होता. म्हणूनच फरक ओळखायला हवा. आरोप करणाऱ्याचे उत्तर आधीच ठरलेले असते. प्रश्न कागद मागतो, तारीख मागतो आणि उत्तर पटले तर मागे फिरतो.

दुसरा आक्षेप आपला, सीमाभागातल्या मराठी माणसांचा आहे. १९५६ साली बिदर जिल्हा विभागला गेला, आपण आजच्या कर्नाटकात आलो. आता मराठी शाळेला शिक्षक का नाही असे विचारले तरी सीमावाद उकरला म्हणतील, त्यापेक्षा गप्प बसावे. ही भीती मला समजते, पण पटत नाही. निजामी अमलात सभा भरवायलाही परवानगी लागे. त्या हुकमाचे ‘गश्ती निशाण ५३’ हे शब्द घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असतील. आज आपण कोणाच्या मेहेरबानीवर राहत नाही. संविधानाचे ३५० वे कलम तक्रार राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क देते, ३५० अ प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करायला सांगते. २००५ चा माहिती अधिकार कायदा तीस दिवसांत उत्तराची मुदत घालतो. मात्र तो अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करावा लागतो. म्हणून आपल्या मुलांनी कन्नड उत्तम शिकावी असे मी आग्रहाने सांगतो. शेजारच्या कन्नड शाळेचे छप्पर गळत असेल तर तो प्रश्नही आपणच विचारावा. मग आपल्या प्रश्नावर कोणी सीमेचा शिक्का मारू शकणार नाही.

आता आमच्याविषयी. स्वागत समितीकडेही या दोन दिवसांपुरता अधिकार आहे: वर्गणीचा, निमंत्रणांचा, कोणाला किती वेळ द्यायचा याचा. संमेलनाचा जमाखर्च मंडपाच्या दाराशी मराठी आणि कन्नडमध्ये लावला आहे. प्रत्येक सत्राचा शेवटचा अर्धा तास श्रोत्यांचा राहील आणि उद्या समारोपाआधीचा अर्धा तास आम्हाला प्रश्न विचारण्यासाठी. पावत्या टेबलावर असतील.