बर्फातलं बिऱ्हाड
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला ‘परदेशातले अनुभव’ असा विषय दिला होता. तो ऐकून ऐकून तुमचे कान किटले असतील. ज्या गावच्या नामदेव महाराजांनी पंजाबातल्या घुमानपर्यंत मजल मारली, त्या गावाला दूरच्या मुलखाच्या गोष्टींचं नवल सांगण्यात अर्थही नाही. म्हणून मी एवढ्याएवढ्याच गोष्टीवर बोलणार आहे: हिवाळ्यात बर्फाच्या डोंगरावर, वीज-पाणी नसताना गाडीत मुक्काम कसा करतात.

गाडी म्हणजे तिकडे जिला आरव्ही म्हणतात ती. टेम्पो ट्रॅव्हलरपेक्षा थोडी मोठी. आत छोटा ओटा, दोन पलंग, एक संडास आणि गरम हवेची भट्टी. आमची जुनीच घेतलेली आहे, चोवीस फुटी. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं हे चाकांवर. उन्हाळ्यात अशा गाड्या जिथे उतरतात तिथे प्रत्येक जागेवर विजेचा खांब असतो, बाजूला नळ, खाली मैलापाण्याचं तोंड. या तिन्ही जोडण्या झाल्या की घर सुरू. त्यांना हुकअप म्हणतात. आणि या जोडण्यांशिवाय राहिलात तर त्याला ‘बूनडॉकिंग’ असं मजेदार नाव आहे. मूळ शब्द फिलिपिन्समधल्या टागालोग भाषेतला, ‘बुंडोक’ म्हणजे डोंगर. अमेरिकी सैनिकांनी तो सोबत आणला. सैनिक बंदुका घेऊन जातात आणि शब्द घेऊन येतात, असं दिसतं.

आम्ही सिएटलच्या बाजूला राहतो. तिथून उत्तरेला, कॅनडाच्या हद्दीजवळ माउंट बेकर नावाचं स्की-क्षेत्र आहे. १९९८-९९ च्या हिवाळ्यात तिथे १,१४० इंच, म्हणजे जवळजवळ २९ मीटर बर्फ पडला. एका हंगामात मोजलेल्या बर्फाचा हा जागतिक विक्रम आहे. रस्ता तिथेच संपतो. विजेची तारही तिथवर पोचलेली नाही, स्की-क्षेत्रवाले स्वतःच्या जनरेटरवर लिफ्ट चालवतात. मग तुमच्या गाडीला जोडणी कोण देणार? वाहनतळावर ठरवून दिलेल्या जागी गाडी रात्री उभी करू देतात, बाकी सगळं तुमचं तुम्ही. लेकरांना स्की खेळायचं असतं, डोंगराखालच्या हॉटेलांचे दर सुट्टीच्या दिवसांत परवडत नाहीत, म्हणून आम्ही शुक्रवारी रात्री जाऊन रविवारी दुपारी परततो.

जे मला पहिल्यांदा विचारतात ते विचारतात, “थंडी सोसते का?” थंडी सोसण्याचा प्रश्नच फारसा नाही. प्रश्न हिशोबाचा आहे. आपल्या शाळेत लोडशेडिंगचं वेळापत्रक पाहून अभ्यास करणारी आपण माणसं, आपल्याला हा हिशोब लवकर कळतो.

विजेपासून सुरू करते. आमच्या गाडीत शंभर अँपिअर-तासांच्या दोन साध्या लेड-ॲसिड बॅटऱ्या आहेत, आपण घरी इन्व्हर्टरला लावतो त्याच जातीच्या. दोन्ही मिळून दोनशे. पण अशी बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त उतरवली तर तिचं आयुष्य जातं, म्हणून हाती राहिले शंभर. थंडीत बॅटरीची ताकद आणखी घटते. पाऊणशे धरा. आता भट्टी गॅसवर चालते खरी, पण तिचा पंखा विजेवर चालतो आणि तो साधारण सात अँपिअर ओढतो. बारा तासांच्या रात्रीत भट्टी निम्मा वेळ चालली तरी बेचाळीस गेले. दिवे, पंप, धोक्याचे भोंगे यांचे आठ-दहा. म्हणजे पहिली रात्र निभावते, दुसरीला दिवसा जनरेटर लावून बॅटरी भरावीच लागते. हल्ली बरेच जण लिथियमच्या बॅटऱ्या घेतात. त्या हलक्या असतात आणि बऱ्याच खोलवर उतरवता येतात, पण शून्याच्या खाली त्या चार्ज केल्या तर आतून कायमच्या खराब होतात. विक्रेता हे शेवटी सांगतो.

कोणीतरी म्हणेल, छतावर सोलर लावा. भूगोलाच्या सरांनी फळ्यावर काढलेली सूर्याची आकृती इथे माझ्या कामी आली. २२ डिसेंबरला भर दुपारी आपल्या नरसीत सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर असतो. माउंट बेकरला जेमतेम १८ अंशांवर. दिवस सव्वाआठ तासांचा, समोर डोंगर, वर ढग आणि छतावर दोन फूट बर्फ. त्या सोलर पॅनेलचा उपयोग पाट म्हणून तेवढा होईल.

गॅसची गोष्ट आणखी मजेची. आपल्याकडच्या घरगुती सिलिंडरमध्ये ब्युटेन आणि प्रोपेन यांचं मिश्रण असतं. ब्युटेन शून्याच्या आसपासच द्रव होऊन बसतो, त्याचा वायू होईना की शेगडी मंदावते. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू देत राहतो, म्हणून तिकडे गाडीत निव्वळ प्रोपेन. आपल्या राज्याने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे, तेव्हा उद्या तुमच्यापैकी कोणी अशी गाडी घेऊन हिमाचलात किंवा काश्मिरात हिवाळ्यात निघालं, तर एवढं लक्षात ठेवा. आमची भट्टी चालू असताना तासाला चारशे ग्रॅमच्या वर गॅस खाते. रात्रीला अडीच किलो. नऊ किलोची टाकी तीन रात्री पुरते, चौथ्या पहाटे दगा देते.

पाण्याचं आम्ही सोपं करून टाकलं आहे. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगतं आणि नळ्या फुटतात, म्हणून हिवाळ्यात नळ्या रिकाम्याच ठेवायच्या आणि पाणी कॅनमधून आत, पलंगाशेजारी ठेवायचं. बर्फ वितळवून पाणी करता येतं, पण तो आतबट्ट्याचा धंदा आहे. शून्य अंशाचा किलोभर बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. अप्रकट उष्मा. विज्ञानाच्या सरांनी तो शब्द माझ्याकडून किती वेळा लिहून घेतला होता, सरांना आठवत नसेल, मला आठवतं.

आता जरा वेगळं बोलते. आपल्या वर्गातली तीन-चार लेकरं दिवाळीनंतर दिसायची नाहीत. हजेरीत त्यांच्या नावापुढे ओळीने गैरहजेरी लागायची आणि उन्हाळ्याच्या तोंडाला ती परत यायची. आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली असायची. उसाच्या फडाशेजारी पाचटाची कोपी, जमिनीवर अंथरूण, उजेडाला चिमणी, पाणी लांबून डोक्यावर, आणि तोड पहाटेच्या अंधारात सुरू. यालाच मी आज इंग्रजी नाव देऊन तुम्हाला भाषण ऐकवते आहे. फरक एवढाच की आम्ही दोन रात्रींसाठी हौसेने जातो; ती माणसं उचल घेतलेली असते म्हणून पाच-सहा महिने राहतात, आजही राहतात. त्या वर्गमित्रांपैकी दोघं आज इथे बसले आहेत. सकाळी चहा घेताना त्यातल्या एकाने मला विचारलं, “मग ओलीचं काय करता गं?” मला आजवर कोणी हा प्रश्न विचारला नव्हता. कोपीत दवाने गोधडी भिजलेली ज्याने अंगावर घेतली आहे, त्यालाच तो सुचतो.

ओल हाच खरा वैरी आहे. बंद गाडीत चार माणसं झोपली की रात्रभरात श्वासातून आणि घामातून लिटरभराहून जास्त पाणी हवेत जातं. वर स्वयंपाक. एक किलो प्रोपेन जळाला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ तयार होते. ही सगळी वाफ थंड काचेवर आणि पत्र्यावर बसते, तिथून ठिबकते, गाद्या खालून कुजतात. भट्टीचं तसं नाही. तिचा जाळ बंद पेटीत असतो आणि धूर-वाफ नळीने बाहेर जाते. म्हणून आत शेगडी पेटवून ऊब घ्यायची नाही, आणि कितीही थंडी असली तरी छताची झडप बोटभर उघडी ठेवायची. माझ्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांना हे पटेना. “ऊब विकत घ्यायची आणि वरून सोडून द्यायची?” त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण झडप उघडीच राहिली.

त्या झडपेशिवाय आणखी एक वस्तू आमच्या गाडीत असते, ती म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका डोंगरावर आम्ही थांबलो होतो. रात्रभर बर्फ पडत होता, दोन गाड्यांमधली फट भरून गेली होती. रात्री दोनच्या सुमाराला भोंगा वाजला. वास काही नव्हता, धूर नव्हता, भट्टी व्यवस्थित चालू होती. धाकटी तर उठेचना. तिला ब्लँकेटसकट उचललं आणि चौघं बर्फात उभे राहिलो. शेजारच्या गाडीचा जनरेटर चालू होता. त्याच्या धुराड्यापुढे बर्फ साचला होता आणि धूर वर जायच्या ऐवजी खालून दोन्ही गाड्यांत शिरत होता. आम्ही शेजाऱ्यांचं दार बडवलं. बराच वेळ आतून काही आवाज आला नाही. त्या दोन-तीन मिनिटांचं वर्णन मी करणार नाही. मग दार उघडलं. वयस्कर जोडपं होतं, डोकं धरून, उलटी आल्यासारखं होतंय म्हणत बाहेर आलं. त्यांच्या गाडीतल्या भोंग्यात बॅटरीच नव्हती. दोघंही वाचले. धाकटीही बाहेरच्या हवेत पाच मिनिटांत रडायला लागली. लेकरू रडतंय याचा एवढा आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता.

तुम्ही म्हणाल, नरसीत कुठला बर्फ? पण कोळशाची शेगडी आणि गॅस गीझर इथेही आहेत. सिलिंडरच्या गॅसला जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो, गळती कळावी म्हणून. हा दुसरा वायू अर्धवट जळण्यातून तयार होतो आणि त्याला वास नसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. माणसाला गुदमरल्यासारखं वाटत नाही, डोकं दुखतं, झोप येते. थंडीत दार लावून शेगडी खोलीत घेऊन झोपणारी माणसं, कडी लावून न्हाणीत गीझरखाली अंघोळ करणारी माणसं अशीच जातात. गीझर न्हाणीच्या बाहेर बसवा, खिडकीचा कागद काढा, शेगडी झोपण्याआधी अंगणात ठेवा. कोणी पडलेलं दिसलं तर आधी दारं उघडा आणि त्याला मोकळ्या हवेत आणा, मग पाणी-बिणी, आणि लगेच दवाखान्यात, ऑक्सिजन लावायला. भोंगे आता भारतातही मिळतात. मी येताना सहा आणले आहेत, ते शाळेच्या कार्यालयात दिले आहेत. ज्यांच्या घरी न्हाणीत गीझर आहे त्यांनी आधी न्यावेत.

खाण्याचं विचारलंत म्हणून सांगते: ज्वारीचे धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि थर्मासमध्ये वरण. आत फोडणी द्यायची नाही, नाहीतर आठवडाभर स्कीच्या कपड्यांना लसणाचा वास येतो, आणि लिफ्टमध्ये शेजारी बसलेला माणूस विचारतो.

मागच्या बाकावरून मघाशी कोणीतरी “आंघोळ?” असं ओरडलं. आवाज ओळखला मी, सहावीपासून तोच आहे. नाही करत. शुक्रवार ते रविवार कोणीच करत नाही, आणि लेकरं याच कारणासाठी पुन्हा पुन्हा चला म्हणतात.