सुरुंगाला तह कळत नाही
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

तुर्कस्तानात दार्दानेल्स नावाची सामुद्रधुनी आहे. लांबी साठेक किलोमीटर, पण चनाक्कले गावाजवळ तिची रुंदी जेमतेम सव्वा किलोमीटर. काळ्या समुद्रातून भूमध्य समुद्राकडे निघालेल्या जहाजाला आधी बॉस्फरस आणि मग ही चिंचोळी वाट ओलांडावीच लागते. सप्टेंबर १९१४ मध्ये उस्मानी सरकारने ती बंद केली आणि रशियाचा गहू बंदरांतच अडकला.

वाट उघडण्यासाठी ब्रिटिश आणि फ्रेंच आरमार आले. सुरुंग काढायला त्यांनी मासेमारीचे ट्रॉलर आणले होते. त्यांवरचे बरेच जण उत्तर समुद्रातले साधे मच्छीमार. समोरून जोराचा प्रवाह, किनाऱ्यावरून तोफांचा मारा. त्यांना ते काम कसे जमावे?

८ मार्च १९१५ च्या पहाटे 'नुसरत' नावाच्या एका लहान जहाजाने तिथे २६ पाणसुरुंग टाकले. नुसरत म्हणजे मदत, विजय. आधीच्या सुरुंगांच्या रांगा सामुद्रधुनीला आडव्या होत्या. ही रांग मात्र आशियाई किनाऱ्याला समांतर होती, शत्रूची जहाजे मागे वळत असत नेमक्या त्या जागी.

पाणसुरुंग म्हणजे साखळदंडाने तळाशी बांधलेला, पाण्याखाली तरंगणारा लोखंडी गोळा. त्याला शिंगे असतात. जहाज शिंगाला धडकले की आतली काचेची नळी फुटते, आम्ल सांडते, वीज निर्माण होते आणि स्फोट होतो. १८ मार्चला 'बूवे' ही फ्रेंच युद्धनौका अशी काही मिनिटांत बुडाली. सहाशेहून अधिक खलाशी गेले. मग 'इर्रेझिस्टिबल' आणि 'ओशन' या ब्रिटिश नौकाही बुडाल्या. आरमार मागे फिरले. समुद्राने जमेना म्हणून २५ एप्रिलला गॅलिपोलीवर सैन्य उतरवले गेले. जानेवारी १९१६ पर्यंत दोन्ही बाजूंची मिळून लाखाहून अधिक माणसे मेली. त्यांत आपले हिंदी जवानही होते.

विजय कुणाचा, हे इतिहासकार सांगतील. मला त्या गोळ्याचा विचार पडतो. तोफ डागायला माणूस लागतो, आणि त्याचा हात थांबवता येतो. सुरुंगाला झेंडा दिसत नाही, तह झाल्याचे कळत नाही. दोर तुटलेला सुरुंग निकामी झाला पाहिजे, असा नियम हेग येथे १९०७ सालीच झाला होता. पण कागदावरचा नियम पाण्यात किती पोचतो?

१९३६ च्या माँत्रो करारानुसार या सामुद्रधुनींचा ताबा तुर्कस्तानकडे आहे. युक्रेनवर हल्ला झाल्यावर, फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस, त्याने लढणाऱ्या देशांच्या युद्धनौकांसाठी ही वाट बंद केली. तरी महिन्याभरात एक सुटा सुरुंग वाहत बॉस्फरसच्या तोंडाशी आलाच. करार युद्धनौकांना अडवतो, प्रवाहाला नाही. तो सुरुंग मच्छीमारांच्या नजरेस पडला आणि नौदलाच्या पाणबुड्यांनी तो निकामी केला.

जानेवारी २०२४ मध्ये तुर्कस्तान, रुमानिया आणि बल्गेरिया यांनी असे सुरुंग शोधण्यासाठी एकत्र करार केला. राजधान्यांत नकाशे काढणाऱ्यांना समुद्र म्हणजे एक दरवाजा वाटतो. पहाटे जाळे टाकणाऱ्याला मात्र तो रोजची भाकरी देतो. त्या जाळ्यात मासळीच यावी, एवढीच दुआ.