दंभाला आतूनच आव्हान



बाहेरच्यांना सुपा म्हटलं की पुणे-नगर रस्त्यावरची एमआयडीसी आठवते. पण आमच्याच तालुक्यात पिंपळनेरला निळोबारायांची समाधी आहे, शेजारच्या श्रीगोंद्यात शेख महंमदांची, राहुरीकडं संतचरित्रकार महिपतींचं ताहाराबाद आणि पलीकडं नेवासा. म्हणूनच मध्ययुगीन साहित्यातला धर्माधिकाऱ्यांचा दंभ हा विषय आम्ही या संमेलनासाठी आग्रहानं मागून घेतला.

संन्यास सोडून संसारात परतलेल्या विठ्ठलपंतांच्या मुलांना मुंज नाकारली गेली. परंपरा सांगते की, आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं, तरी मुलांना शुद्धिपत्रासाठी पैठण गाठावं लागलं. त्यांच्यातल्याच ज्ञानदेवांनी १२९० साली नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली. पुढं शंभरेक वर्षांनी इंग्लंडात चॉसरनं पापमुक्तीची पत्रं विकणारा धर्मसेवक रंगवला. तो डुकराची हाडं संतांच्या अस्थी म्हणून लोकांपुढं धरतो. कागद विकणारा भ्रष्ट खराच, पण तो अडवून धरणाराही तितकाच भ्रष्ट, असं माझं मत आहे.

महिपतींनी सांगितलेला देहूचा मंबाजी गोसावी आठवा. एकादशीला येणाऱ्यांच्या पायांत रुततील म्हणून तुकोबांनी वाटेवरचे काटे बाजूला सारले. मंबाजीनं काटेरी फांदीनंच त्यांना झोडपलं. रात्री तो कीर्तनाला दिसेना, तेव्हा तुकोबा त्याच्या घरी गेले, त्याचं अंग चेपलं आणि त्याला कीर्तनाला घेऊन आले. मंबाजीच्या गोसावीपणाचा याहून मोठा पंचनामा मला ठाऊक नाही.

आणि शेख महंमद! मुसलमान घरातला, सूफी परंपरेत वाढलेला हा संतकवी मराठीत ‘योगसंग्राम’ लिहितो आणि भोंदू गुरूंचा खरपूस समाचार घेतो, मग त्यांचा वेश कुठलाही असो. ही सगळी माणसं आतली होती. त्यांची देवावर श्रद्धा होती, म्हणूनच देवाच्या नावानं मांडलेला बाजार त्यांना सोसवेना. धर्मावरची टीका बाहेरून आली असं जे म्हणतात, त्यांनी आमच्या जिल्ह्यातली ‘योगसंग्रामा’ची पोथी उघडून पाहावी.

शेख महंमदांविषयी मराठीच्या वर्गांत फारच कमी बोललं जातं, याची मला खंत आहे. म्हणून उद्या सकाळचं पूर्ण सत्र त्यांच्यासाठी राखून ठेवलं आहे. आपण सर्वांनी त्याला आवर्जून थांबावं, ही स्वागत समितीची विनंती.