आधी हातात बी, मग पाटीवर अक्षर

(वार्षिक उपकारस्तुतीच्या उपासनेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



पाड्यावरची शाळा पाहून परतणारे पाहुणे जाताना हमखास एक प्रश्न विचारतात : “मुलं खेळतच होती, मग शिकतात कधी?” या प्रश्नामागे प्रेम असतं. आणि शाळा तुमच्या दानातून चालते, म्हणून त्याचं नीट उत्तर देणं माझं कर्तव्य आहे.

गेल्या पावसाळ्यात तिसरी-चौथीच्या वर्गात बाईंनी वालाचे दाणे आणि चार करवंट्या आणल्या. एकीत ओलं फडकं, दुसरीत कोरडं. तिसरीत दाणे पाण्यात पूर्ण बुडवले. चौथीत ओलं फडकं, पण ती पेटीत अंधारात ठेवली. काय होईल ते प्रत्येकानं आधी पाटीवर मांडायचं होतं. बहुतेकांचं म्हणणं पडलं की अंधारातलं बी उगवणार नाही. काही दिवसांनी पेटी उघडली, तर तिथले कोंब सगळ्यांत लांब! पण पिवळट आणि लुळे. बुडवलेल्या दाण्यांना मात्र वास सुटला होता. बियालाही हवा लागते, असं बाईंनी सांगितलं.

तेव्हा मागच्या रांगेतला एक मुलगा उठला. वाचन अडखळत असल्यामुळे तो वर्गात फारसा बोलत नसे. तो म्हणाला, “मग भात पाण्यात कसा उगवतो?” दुसरी मुलगी म्हणाली, “भात आधी राबावर पेरतात, पाण्यात आवणी नंतर होते.” वाद सुरू झाला. बाईंनी निकाल दिला नाही. त्या म्हणाल्या, “मलाही बघायचंय. पाचवी करवंटी आणा.” भाताचे दाणे पाण्यात बुडवून ठेवले, आणि त्यांना कोंब आले. वाल कुजला, भात उगवला. भाताच्या बियाची जातच तशी आहे, कमी हवेतही ते कोंब काढतं.

त्या आठवड्यात मुलांनी दोऱ्यानं कोंबांची लांबी मोजली, दिवस मोजले, कोणता किती वाढला याची वजाबाकी केली. पाहिलेलं चार ओळींत लिहिलं. गणित झालं, भाषा झाली, विज्ञान झालं. आणि जो मुलगा ‘कच्चा’ म्हणून बसला होता, त्याच्या प्रश्नावर अख्खा वर्ग आठवडाभर कामाला लागला. अक्षरओळख आणि पाढे याच्याने टळत नाहीत. ते रोज होतातच. पण लिहायला काही हाती असलं की मूल लिहितं.

ही वाट आम्ही शोधलेली नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी वस्तीत नेलं. माँटेसरी पद्धतीची महागडी साधनं तिथे परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी बिया, पानं, शिंपले, खडे हेच साधन केलं. गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, तर शाळाच कुरणावर गेली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही कलम २९ मध्ये हेच आहे : मुलानं कृतीतून आणि शोधातून शिकावं, त्याला भीती नसावी, आणि शक्य तितकं मातृभाषेत शिकवावं.

आपल्याला तर याहून जुना दाखला आहे. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता आणि त्यांना प्रश्न विचारत होता, असं लूक लिहितो. पुढे लोकांना शिकवताना त्यानं आकाशातली पाखरं आणि रानातली फुलं पाहायला सांगितलं. ज्या मुलाला देवानं आपल्या प्रतिरूपात घडवलं, ते रिकामं मडकं घेऊन शाळेत येत नाही. कोणत्या झाडाचा पाला गुरं खातात, मोह कधी गळतो, आवणी केव्हा करायची, हे त्याला ठाऊक असतं. शाळेत या ज्ञानाला किंमत नाही, असं पहिल्याच महिन्यात त्याला कळलं, तर ते गप्प होतं. मग एक दिवस यायचंच थांबतं. आपण त्याला ‘गळती’ म्हणतो. पण त्या मुलाचं तोंड त्याच्या कितीतरी आधी मिटलेलं असतं.

म्हणून आज दोन विनंत्या करते. पहिली दानाविषयी. बाकावर, फळ्यावर, पंख्यावर देणगीदाराचं नाव रंगवता येतं. वालाच्या दाण्यावर येत नाही. तराजू, मोजपट्ट्या, भिंगं, दोरा, बिया, आणि शिक्षकांना महिन्यातून एक दिवस एकत्र बसून तयारी करता यावी म्हणून येण्याजाण्याचा खर्च, या गोष्टींचा फोटो चांगला येत नाही. तरीही त्यासाठी द्या.

दुसरी विनंती भेटीविषयी. पुढच्या वेळी शाळेत याल तेव्हा मुलांना पाढे किंवा वचन म्हणून दाखवायला लगेच उभं करू नका. त्यांच्याजवळ खाली बसा आणि विचारा, “काय करताय? काय दिसलं?” उत्तर यायला वेळ लागेल, ते त्यांच्या बोलीत येईल. थांबा, ऐका. कदाचित तेच तुम्हांला एखादा प्रश्न विचारतील. त्याचं उत्तर येत नसेल, तर त्यांच्यासोबत शोधा.

प्रभू या लेकरांना आणि त्यांच्या शिक्षकांना आशीर्वाद देवो, आणि तुमचे हात या सेवेत बळकट करो. आमेन.